हुशार मुलं वर्गात वाट बघत बसतात, त्यांचं काय करायचं?

पाचवीचा वर्ग, गणिताचा तास, अपूर्णांकांची बेरीज. फळ्यावर पाच उदाहरणं मांडून होईपर्यंत तिसऱ्या बाकावरच्या मुलीची उत्तरं लिहून झालेली असतात. "झालं? मग पुढचा सरावसंच घे." तोही होतो. "बरं, आता शेजारणीला समजावून सांग." तेही होतं. मग ती पेन्सिलीला टोक काढते, मागे वळून बोलते आणि थोड्या वेळाने तिचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात बडबड करणाऱ्यांच्या यादीत लागतं.

पन्नास-साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाचं लक्ष आधी मागे पडलेल्या मुलांकडे जाणार, आणि ते तसं जायलाच हवं. पण त्यात एक विचित्र प्रकार घडतो. सगळ्यांत भराभर शिकू शकणारं मूल दिवसभरात सगळ्यांत कमी नवीन शिकून घरी जातं. वर्षानुवर्षं असं झालं की डोकं लावावं न लागण्याची त्याला सवय होते, आणि आठवी-नववीत पहिल्यांदा काही खरंच अवघड समोर आलं की ते गांगरतं.

अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा आहेत. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, १९६९ पासून तिची प्रशाला चालते आणि तिथे पाचवीला बुद्धिमत्ता चाचण्यांवरून प्रवेश मिळतो. पहिल्या दोन नवोदय विद्यालयांपैकी एक आपल्या अमरावती जिल्ह्यातलं, १९८५-८६ सालचं. पण या शाळांत जाणारी मुलं मूठभर. बाकीची तुमच्या-माझ्या वर्गात बसलेली आहेत. त्यांच्यासाठी जादा खोली लागत नाही, जादा शिक्षकही लागत नाही. त्यांना काय येतं ते आधी तपासायचं, जे येतं त्यातून त्यांना मोकळं करायचं आणि त्या वेळात खरोखर अवघड काम द्यायचं. सगळ्या युक्त्या या तीन गोष्टींतूनच निघतात.

१. शोधायचं कुणाला?

पहिला नंबर आला म्हणजे मूल प्रतिभावान, असं समजू नका. नीटनेटकी वही, वेळेवर गृहपाठ, बाई सांगतील तसं उत्तर, एवढ्यावर पहिला नंबर येतो. उलट, मनात येईल ते विचारणारं, उत्तर बरोबर पण रीत न लिहिणारं, वही कायम अर्धवट असलेलं मूल चाळिसाव्या नंबरावर असू शकतं.

चाचणीवरही सगळी भिस्त ठेवता येत नाही. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ पासून बुद्ध्यंक मोजून हजारावर मुलं निवडली आणि त्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्या निवडीत चाचणी घेऊनही न बसलेल्या मुलांपैकी दोघांना, विल्यम शॉक्ली (१९५६) आणि लुईस आल्व्हारेझ (१९६८) यांना, पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी कुणालाही नोबेल मिळालं नाही. चाचणी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही, पण दार बंद करायला ती वापरू नये.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेंझुली यांनी १९७८ मध्ये मांडलेली कल्पना शिक्षकाला जास्त कामाची आहे. सरासरीपेक्षा बरी क्षमता, सर्जकता आणि हातातल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती, या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे प्रतिभा दिसते. म्हणजे ती एखाद्या विषयात दिसेल आणि दुसऱ्यात दिसणार नाही. यंदा दिसेल, पुढच्या वर्षी कमी होईल. म्हणून 'हुशार मुलांची यादी' एकदा करून कपाटात ठेवायची नाही, दर सत्राला ती बदलू द्यायची.

प्रत्यक्षात असं करा. दोन महिने एक छोटी वही खिशात ठेवा आणि त्यात विशेषणं न लिहिता घटना लिहा. 'फार चौकस आहे' असं लिहून काही हाती लागत नाही. 'शून्याने भागलं तर काय, असं विचारलं. मी नाही म्हटल्यावर मधल्या सुट्टीत स्वतः करून बघितलं आणि उत्तर ठरतच नाही असं सांगायला आला', ही नोंद उपयोगाची. सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी आपण तशाही करतोच, त्यांना या निमित्ताने जरा जीव येईल.

काही मुलं हमखास नजरेतून सुटतात. घरी पावरी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारं मूल मराठीत कमी बोलतं, म्हणून मागे पडलेलं समजलं जातं. अशा वेळी शब्दांवर न बेतलेली चाचणी वापरावी. रेव्हनच्या आकृत्यांच्या चाचणीसारख्या चाचण्या समुपदेशकाकडे असतात. वाचनात अडखळणारं पण तोंडी विचारलं तर सगळ्यांच्या पुढे असणारं मूल अध्ययन अक्षम आणि प्रतिभावान दोन्ही असू शकतं. शांत बसणाऱ्या मुली तर दर वर्षी निसटतात. आणि बाजारात बसणारी मुलं! अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाचा अवघड हिशेब तोंडी करणारी ही मुलं शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या गणितात अडत होती. आठवडी बाजारात आईच्या शेजारी मेथीची जुडी विकणारं मूल आपल्या वर्गात असेल, तर त्याला एकदा कागद-पेन्सिलीशिवाय गणित घालून बघा.

२. घटक शिकवण्याआधी परीक्षा

आपण घटक चाचणी शेवटी घेतो. या मुलांसाठी ती आधी घ्यायची. फार मोठा व्याप करू नका. घटकाच्या शेवटच्या सरावसंचातली सगळ्यांत अवघड पाच उदाहरणं फळ्यावर लिहा आणि ज्यांना पहिल्या दिवशीच करून बघायची असतील त्यांना वीस मिनिटं द्या. सक्ती नको, नावं पुकारणं नको. पाचपैकी चार बरोबर आणि रीत स्पष्ट असेल, तर त्या मुलाला तो घटक येतो. नसेल तर ते मूल सगळ्यांबरोबर शिकेल, कमीपणा काहीच नाही. कोण पुढे येतं ते बघायला मजा येते, कारण दर वेळी एखादं अनपेक्षित नाव निघतं.

ज्या पेपरात पैकीच्या पैकी मिळतात तो पेपर मुलाला किती येतं हे सांगू शकत नाही, ते फक्त 'याहून जास्त' एवढंच कळतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ले यांनी १९७१ मध्ये गणितात पुढे असलेल्या मुलांसाठी प्रकल्प सुरू केला, तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेज प्रवेशाची परीक्षा द्यायला लावली. शाळेच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवून एकसारखी दिसणारी मुलं तिथे स्पष्टपणे वेगवेगळी दिसली. आपल्याकडे पाचवीच्या मुलाला सातवीचा जुना पेपर द्यायला काहीच खर्च येत नाही.

३. जे येतं त्यातून सुटका

इथे शिक्षकांचं मन कचरतं. "सराव तर हवाच ना?" हवा, पण किती? चाळीसपैकी चाळीस उदाहरणं कशाला? आठ निवडून द्या, प्रत्येक प्रकारातलं एक-दोन. ती बरोबर आली की तो घटक संपला. घटक चाचणी सगळ्यांबरोबर द्यायची, म्हणजे गुणपत्रकात काही खोळंबा होत नाही.

दुसरी भीती वही तपासणीची. साहेब आले आणि वहीत सरावसंच अर्धा दिसला तर? यावर साधा उपाय आहे. मुलाशी एक पानी करार करा आणि तो वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. कोणता घटक, पूर्वचाचणीत किती बरोबर, कोणती उदाहरणं वगळली, त्याऐवजी कोणतं काम, किती दिवसांत. खाली मुलाची, तुमची आणि मुख्याध्यापकांची सही. बहुतेक प्रश्न हा कागद बघूनच मिटतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही अशा मुलांना पूरक साहित्य द्यावं, विषयवार मंडळं चालवावीत असं म्हटलं आहे, हे मुख्याध्यापकांच्या कानावर घालून ठेवा.

करारात वागण्याचे दोन-तीन नियमही हवेत: बाई शिकवत असताना मध्ये येऊन विचारायचं नाही, अडलं तर वहीत प्रश्न लिहून पुढे जायचं, दुसऱ्यांना चिडवायचं नाही. हे न ठरवता मुलांना मोकळं सोडलं तर आठवड्यात सगळा प्रयोग बंद पडतो.

४. मोकळ्या वेळात द्यायचं काय?

सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो. 'लवकर झालं, मग आणखी दहा कर' ही शिक्षा आहे, आणि मुलं हे चटकन ओळखून काम हळू करायला शिकतात. गोष्टीचं पुस्तक दे, चित्र रंगव, शब्दकोडं सोडव, हे वेळ घालवणं झालं. काम त्याच विषयातलं, पण खोल आणि थोडं अडवणारं हवं.

अपूर्णांकांचंच घ्या. जुन्या इजिप्तमध्ये दोन-तृतीयांश सोडला तर अपूर्णांक अंशस्थानी १ ठेवूनच लिहीत, आणि एकच अपूर्णांक दोनदा वापरत नसत. पाचवीतल्या मुलाला एवढं सांगा आणि म्हणा, आता ३/४ लिही. तो १/२ + १/४ लगेच लिहील. ५/६ म्हणजे १/२ + १/३, हेही जमेल. ४/५ ला थोडं अडेल, मग १/२ + १/४ + १/२० निघेल. आता ३/७ द्या. 'मावेल तो सगळ्यांत मोठा अपूर्णांक आधी काढून घ्यायचा' ही रीत त्याला एव्हाना सापडलेली असते. त्या रीतीने १/३ + १/११ + १/२३१ येतं. तिथे विचारायचं, 'याहून छोट्या छेदांत बसेल का?' बसतं: १/४ + १/७ + १/२८. मग मोठा अपूर्णांक आधी घेणं नेहमीच फायद्याचं का नाही? हा प्रश्न तीन-चार तास सहज पुरतो. शिवाय या खटपटीत त्याची समच्छेद करून बेरीज-वजाबाकी सरावसंचाच्या कितीतरी पट होते, तीही कुरकुर न करता.

त्याहून पुढे जाणारा निघाला तर शेवटची पायरी आहे. अंशस्थानी ४ असलेला कोणताही अपूर्णांक, छेद २ किंवा त्याहून मोठा, अंशस्थानी १ असलेल्या तीन अपूर्णांकांच्या बेरजेत लिहिता येतोच का? (इथे एकच अपूर्णांक पुन्हा वापरला तरी चालतो.) पॉल एर्डिश आणि अर्न्स्ट स्ट्राऊस यांनी १९४८ मध्ये येतो असा अंदाज मांडला. तो आजवर कुणालाही सिद्ध करता आलेला नाही आणि खोटाही ठरवता आलेला नाही. दहा वर्षांच्या मुलाला कळेल अशा भाषेतला, पण जगातल्या कुठल्याच गणितज्ञाला न सुटलेला प्रश्न! तो सांगितल्यावर मुलाच्या चेहऱ्याकडे बघा. पुस्तकाच्या मागे सगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात, हा त्याचा समज तिथे मोडतो.

दर घटकाला असं काही सुचणार नाही, आणि सुचायलाच हवं असंही नाही. वर्षात प्रत्येक विषयाची तीन-चार चांगली कामं जमली तरी पुष्कळ. ती एका पेटीत कार्डांवर लिहून ठेवा, आपल्या केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षण परिषदेत दुसऱ्या शाळांशी अदलाबदल करा.

विज्ञान-भूगोलात मोठ्या दमाचं काम द्यावं. दिवाळीपासून जूनपर्यंत गावातल्या चार विहिरींची पाणीपातळी मोजणं हे मला आवडणारं काम. कठडा असलेल्याच विहिरी घ्यायच्या आणि मोजताना मोठं माणूस सोबत हवंच. दोरीला वजन बांधायचं, दर अर्ध्या मीटरला गाठ मारायची, दर रविवारी सकाळी मोटर सुरू होण्याआधी काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजायचं. आलेख काढल्यावर प्रश्न आपोआप येतात. ओढ्याकाठची विहीर हळू का उतरते? शेजारी नवी बोअर झाल्यावर आलेखाला उतार का लागला? मग भूजल सर्वेक्षणाच्या कार्यालयात जाऊन कुणाला भेटायचं, काय विचारायचं, हे मुलांनी ठरवायचं. शेवटी निष्कर्ष ग्रामसभेत मांडायचे. बाईंनी लाल शाईत 'छान' लिहिण्यापेक्षा ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी उलटतपासणी घेणं फार वेगळं असतं. रेंझुली यांनी अशा मुलांना द्यायच्या कामाच्या तीन पातळ्या मांडल्या, त्यांतली तिसरी हीच: खरा प्रश्न, खरी पद्धत आणि काम ऐकायला खरी माणसं.

भाषेत काम द्यायला साहित्य आपल्या पायाशी आहे. गावातल्या आजींच्या जात्यावरच्या ओव्या टिपून घेणं, एकाच ओवीची दोन गावांतली रूपं ताडून बघणं, त्यांत फरक का पडला याबद्दल तर्क लिहिणं. सातवीतली मुलं हे उत्तम करतात.

५. पुढच्या वर्गात पाठवायचं का?

आख्खी इयत्ता गाळणं आपल्याकडे अवघड आहे. शिक्षण हक्क कायद्याची मांडणी वयानुरूप वर्गाची, आणि अनुदानित शाळेत कागदपत्रं त्याच हिशेबाने चालतात. एका विषयापुरतं पुढे नेणं मात्र शाळेच्या हातात आहे. पाचवीतल्या मुलाने गणिताच्या तासाला सातवीत जाऊन बसायचं, बाकी वेळ आपल्या वर्गात. त्यासाठी दोन्ही वर्गांचा गणिताचा तास एकाच वेळी हवा, म्हणजे जूनमध्ये वेळापत्रक लागतानाच हे बोललं पाहिजे. ऑगस्टमध्ये सुचलं तर पुढच्या वर्षावर गेलं.

झेडपीच्या द्विशिक्षकी शाळेत हे सगळ्यांत सोपं. ज्या बहुवर्ग अध्यापनाला आपण कंटाळतो, तिथे तिसरीचं मूल चौथीचं गणित रोज ऐकतच असतं. त्याला फक्त चौथीच्या बाजूला तोंड करून बसवायचं. शहरातल्या मोठ्या शाळेला हे भाग्य नाही.

६. त्याला छोटा शिक्षक करू नका

कधीमधी शेजाऱ्याला समजावून सांगणं चांगलंच. पण रोजचं काम तेच झालं तर आपण त्या मुलाचा वेळ स्वतःच्या सोयीसाठी वापरतो आहोत. शिवाय ज्याला उत्तर झटकन दिसतं त्याला दुसऱ्याला ते का दिसत नाही हे कळत नाही, दोघंही वैतागतात. गटकार्यात दर गटात एक हुशार मूल वाटून टाकण्याची आपली पद्धत आठवड्यातून एखाद्या तासाला तरी मोडा आणि त्या चार-पाच जणांना एकत्र बसू द्या. इतके दिवस सहज जिंकणाऱ्या मुलाला पहिल्यांदा तोडीस तोड उत्तर मिळतं. काही जण रडवेले होतात. होऊ द्या.

७. स्पर्धा परीक्षांचं काय?

स्कॉलरशिपचा जादा तास म्हणजे प्रतिभावान मुलांचं शिक्षण, असा समज शाळांमध्ये पक्का आहे. वेळ लावून प्रश्न सोडवण्याचा सराव तिथे होतो, एवढंच. तरी काही परीक्षा सोडू नयेत. आठवीतली एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या, सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी आहे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. शाळा सुटण्याच्या वाटेवर असलेल्या मुलीसाठी ही रक्कम फार मोठी. सहावी आणि नववीसाठी बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि पुढे कृतिसंशोधन असतं. मला त्यातलं कृतिसंशोधन सगळ्यांत मोलाचं वाटतं, आणि ते स्पर्धेला न बसताही करता येतं. ऑलिम्पियाडचे जुने पेपर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. नववीच्या मुलाला महिन्याला त्यातला एक प्रश्न द्या. पेपर नको, एकच प्रश्न, महिनाभर पुरवून.

८. कौतुक आणि पालक

मानसशास्त्रज्ञ म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगात 'तू हुशार आहेस' असं कौतुक झालेली पाचवीची मुलं पुढच्या वेळी सोपं काम निवडू लागली, आणि एकदा अपयश आल्यावर लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघडाकडे वळली. म्हणून कामाबद्दल बोला: 'ही दुसरी रीत तुला कशी सुचली?' चूक झाली तर तीही रस घेऊन बघा.

पालक दोन प्रकारचे भेटतात. एक, "आमचा मुलगा गिफ्टेड आहे, वेगळं काहीतरी करा" म्हणणारे. त्यांना पूर्वचाचणीचा कागद दाखवायचा, वाद होत नाही. दुसरे, "बाई, तुम्ही म्हणता तर असेल, पण पुढचं शिक्षण आम्हाला झेपायचं नाही" म्हणणारे. वेळ त्यांना जास्त द्यायचा. पालक सभेत चारचौघांत बोलू नका, घरी जा. मुलीबद्दल बोलायचं असेल तर आजीलाही बसवून घ्या, घरात बऱ्याचदा शेवटचा शब्द तिचा असतो.

९. मार्च-एप्रिलमध्ये एक पान लिहा

वर्ग बदलला की शिक्षक बदलतात आणि नव्या बाई पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करतात. वर्षाच्या शेवटी प्रत्येक अशा मुलासाठी एकच पान लिहून पुढच्या वर्गशिक्षकांच्या हातात द्या. कोणत्या विषयात किती पुढे, कोणते घटक झालेले, कोणतं काम अर्धवट राहिलं, कुठे चिडतं, कुणाबरोबर जमतं. गुण लिहू नका, ते गुणपत्रकात आहेतच. चौथीतून पाचवीत जाताना शाळा बदलणार असेल तर ते पान दाखल्याबरोबर पालकांच्या हाती द्या, आणि जमलं तर नव्या शाळेला जूनच्या पहिल्या आठवड्यात एक फोन करा.